पुढच्या तारखा : जॅझ पियानोवादकाच्या रोजगाराचा इतिहास

१. या टिपणाचा विषय

इतिहासाचे साधन म्हटले की ताम्रपट, बखर, शिलालेख किंवा फार तर जुने वर्तमानपत्र आठवते. या टिपणात आपण एक अगदी साधे साधन हाताळणार आहोत. ते म्हणजे एखाद्या कलाकाराच्या पुढच्या कार्यक्रमांची यादी. वार, वेळ, जागा, सोबतीला कोण, प्रवेश किती, एवढीच माहिती त्यात असते. अशा पाच-सहा ओळींतून काय काय वाचता येते ते पाहू.

ही यादी आपल्याला परकी नाही. मराठी नाटकवाले तिला ‘तारखा’ म्हणतात. तमाशात ‘सुपारी’ हा शब्द आहे. नारायणगावला जत्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात, रक्कम ठरते आणि फडाच्या वहीत तारीख पडते. ती वही म्हणजे त्या फडाचे येणारे वर्ष. कोणत्या भागात पीक बरे आले, कोणाची जत्रा मोठी झाली, कोणत्या फडाला मागणी घटली, हे सगळे त्या वहीत उतरते.

अशीच वही आपण जॅझ पियानोवादकाची उघडणार आहोत. जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी न्यू ऑर्लिन्स आणि आसपास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेले संगीत. एक धून आणि स्वरसंगतींचे ठरलेले आवर्तन असते. त्या आवर्तनावर वादक त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. आज वाजले ते उद्या तसेच वाजत नाही. म्हणून या संगीतात प्रत्यक्ष कार्यक्रमाला फार महत्त्व आहे, आणि म्हणूनच वादकाला सतत तारखा लागतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे : भारतातल्या जॅझचा इतिहास आपण मोठ्या नावांच्या आधारे सांगतो, पण त्याला दिशा दिली ती तारखांच्या स्वरूपाने. तारीख कोण देतो हे बदलले की वादकाचे आयुष्य बदलले, आणि बहुतेक वेळा वाजवणेही बदलले. हे तपासण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर चार प्रश्न विचारू.

(अ) कोणाच्या जागेत वाजवायचे?
(आ) कोणाच्या वाद्यावर?
(इ) किती काळासाठी?
(ई) बिदागी कोणाच्या खिशातून?

२. आधी यंत्राबद्दल

दुसरा प्रश्न पियानोवादकाला सर्वांत जास्त छळतो. सॅक्सोफोनवाला आपले वाद्य पाठीला लावून रेल्वेत बसतो. पियानोवादक रिकाम्या हाताने जातो आणि तिथे जे असेल त्यावर वाजवतो.

तुमच्यापैकी बरेच जण अभियांत्रिकीचे आहात, म्हणून थोडे आकडे देतो. पियानोला ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. या सर्व तारांचा मिळून ताण साधारण १८ ते २० टन भरतो. तो पेलायला ओतीव लोखंडाची चौकट असते. आवाज मोठा होतो तो मात्र लाकडी पातळ फळीमुळे, आणि लाकूड हवेतली आर्द्रता शोषते. पावसाळ्यात फळी फुगते, तारांचा ताण बदलतो, सूर चढतो. कोरड्या हवेत फळी आक्रसते आणि सूर उतरतो. मुंबईचा दमट पावसाळा आणि दिल्लीचा मे महिन्यातला कोरडा उन्हाळा ही दोन्ही टोके या वाद्याच्या जिवावर उठणारी. त्यात मोठा ग्रँड पियानो तीनशे ते पाचशे किलोंचा. तो हलवला की पुन्हा सुरात लावणे आले.

याचा अर्थ असा की पियानो विकत घेऊन, एका जागी ठेवून, त्याची नियमित निगा राखणारी संस्था असेल तिथेच पियानोवादकाला काम मिळते. आरंभीच्या काळात अशी संस्था म्हणजे मोठे हॉटेल.

३. हंगामाचा करार : ताज आणि ग्रँड

१९३५ च्या हिवाळ्यात व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्या पाठोपाठच्या हंगामांत कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी ताज गाजवले.

वेदरफर्डची वही पाहण्यासारखी आहे. जन्म १९०३, व्हर्जिनिया. शिकागोत नाव कमावले आणि १९२६ मध्ये तो आशियात आला. शांघायचे नृत्यगृह, मुंबईचे ताज, मग दुसऱ्या महायुद्धात कोलकात्याचे ग्रँड हॉटेल. कोलकात्यात तेव्हा दोस्त राष्ट्रांचे सैनिक मोठ्या संख्येने होते आणि संध्याकाळी त्यांना नाचायला बँड लागत असे. वेदरफर्डने तिथे स्वतःचा बँड चालवला, ध्वनिमुद्रिका केल्या आणि २५ एप्रिल १९४५ रोजी तिथेच पटकीने त्याचा मृत्यू झाला. वय एक्केचाळीस.

आता चार प्रश्न विचारा. जागा हॉटेलची, पियानो हॉटेलचा, मुदत महिन्यांची, पैसे खोल्या आणि जेवण विकून आलेले. या वहीत रोज वेगळी ओळ लिहावी लागत नाही. ‘हिवाळा, ताज’ एवढी एक ओळ पुरते. वादकाला स्थैर्य मिळते. त्याच्या बदल्यात नाचणाऱ्यांच्या पायांना रुचेल तेच वाजवावे लागते, कारण त्याला ठेवले आहे ते नाचासाठी. उन्हाळा आला की गिऱ्हाईक मसुरीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी सरकायचे आणि त्यांच्या मागोमाग बँडही.

परदेशी बँड गेल्यावर जागा भरली ती गोव्याच्या आणि इतर भारतीय वादकांनी. मिकी कुर्रैया यांचा बँड १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये होता. गोव्याचेच वादक इतके का? पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. कागदावर लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवणे ही त्या काळी बाजारात विकली जाणारी दुर्मिळ विद्या होती. ती घेऊन मुलगा मुंबईला यायचा आणि धोबी तलावाच्या आसपास आपल्या गावाच्या ‘कुडा’त उतरायचा. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी चालवलेली स्वस्त निवासाची जागा. ट्रंक ठेवायला कोपरा, झोपायला चटई, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आणि काम कुठे आहे याची बातमी. हा शब्द लक्षात ठेवा. दिल्लीत त्याची पुन्हा गरज पडेल.

४. पडद्यामागची तारीख : स्टुडिओ

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. ब्रिटिश गिऱ्हाईक गेले, संस्थानिकांचा खर्चाचा हात आखडला आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नाचगृहांचे उत्पन्नच कापले. जागा होती, पियानो होता. बिदागी देणारा खिसा मात्र आटला.

त्याच वेळी चित्रपटाचा धंदा वाढत होता. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, नव्या आवाजाच्या शोधात होते. त्यांनी आल्दोणा गावचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, यांना सोबत घेतले. भगवानदादांच्या १९५१ मधल्या ‘अलबेला’त ऐकू येणारा पितळी वाद्यांचा झणझणीत ठेका या जोडीतून आला. ताजच्या नाचगृहात मूठभर लोकांनी ऐकलेला आवाज अशा रीतीने कोल्हापूर-नांदेडच्या तंबूतल्या खेळापर्यंत पोहोचला.

पुन्हा चार प्रश्न. जागा स्टुडिओची, पियानो स्टुडिओचा, मुदत एका शिफ्टची, पैसे निर्मात्याचे. हंगामाचा करार तुटून तासांचा हिशेब सुरू झाला. उत्पन्न अनेकांचे वाढले. पण दोन गोष्टी गेल्या. एक, समोरचा श्रोता गेला. दोन, नाव गेले. हॉटेलच्या जाहिरातीत बँडचे नाव ठळक छापत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार आणि गायक असत, पण पियानोवर कोण होते हे सहसा नसेच. त्या काळातल्या शेकडो गाण्यांतला पियानो आपण आजही गुणगुणतो आणि वाजवणाऱ्याचे नाव सांगू शकत नाही. ज्या तारखा कधी जाहीर झाल्या नाहीत, त्यांचा इतिहास लिहिणे किती अवघड होते ते इथे दिसते.

५. सरकारी तारीख : दिल्ली, १९६३

आता दिल्लीला जाऊ. नवी दिल्ली स्थानकाच्या दोन बाजूंपैकी एक अजमेरी गेटकडे उघडते, दुसरी पहाडगंजकडे. पहाडगंज म्हणजे मुख्य बाजाराची अरुंद गल्ली, स्वस्त हॉटेलांच्या पाट्या, साठ-सत्तरच्या दशकांत खुष्कीच्या मार्गाने आलेले हिप्पी आणि आजही पाठीवर पोतडी घेऊन उतरणारे परदेशी. मराठी माणसालाही हा भाग परका नाही. दिल्लीतली नूतन मराठी शाळा पहाडगंजमध्येच आहे. आणि इथून पायी गाठता येईल एवढ्या अंतरावर कॅनॉट प्लेस.

तिशीच्या दशकात बांधून झालेल्या कॅनॉट प्लेसमध्ये दिल्लीचे पाश्चात्त्य संगीत एकवटले होते. रीगल इमारतीत चित्रपटगृह होते, बँड असलेले डेव्हिकोज उपाहारगृह होते आणि ए. गोडिन अँड कंपनी हे पियानोचे जुने दुकानही होते. दोन भागांमध्ये फक्त थोडा रस्ता आहे, पण वादकाच्या दृष्टीने दोन जगे आहेत : पहाडगंजमध्ये परवडणारी खोली, कॅनॉट प्लेसमध्ये काम. मुंबईत कूड आणि ताज यांच्यात जे नाते होते, तेच इथे आहे.

या दिल्लीत सप्टेंबर-ऑक्टोबर १९६३ च्या सुमारास जगातला एक फार मोठा जॅझ पियानोवादक आला, ड्यूक एलिंग्टन. तारीख दिली होती अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने. शीतयुद्ध चालू होते. अमेरिकेत वर्णभेद आहे हा सोव्हिएत प्रचार खराच होता, आणि त्याला उत्तर म्हणून अमेरिका आपले जॅझ वादक जगभर पाठवत होती. सुरुवात १९५६ मध्ये डिझी गिलेस्पीपासून झाली. १९५८ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रूबेक आपल्या चौघांच्या बँडसह पोलंड, तुर्कस्तान करत भारतात आला. एलिंग्टनचा दौरा दमास्कसपासून सुरू झाला. त्याच्या आदल्याच आठवड्यांत, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, वॉशिंग्टनला नागरी हक्कांचा मोठा मोर्चा निघाला होता. १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या स्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. ज्या देशाचा प्रतिनिधी म्हणून एलिंग्टन वाजवत होता, त्या देशातल्या अनेक उपाहारगृहांत त्याला बसू दिले नसते. या विसंगतीकडे दुर्लक्ष करून तो दौरा समजणार नाही.

दिल्लीत एलिंग्टन आजारी पडला. पुढचे काही कार्यक्रम बँडने त्याच्याशिवाय केले, कारण सरकारी दौऱ्याच्या तारखा व्यक्तीसाठी थांबत नाहीत. नोव्हेंबरमध्ये मात्र तारखाच थांबल्या : २२ तारखेला अध्यक्ष केनेडींची हत्या झाली आणि तुर्कस्तानात पोहोचलेला दौरा आवरता घेण्यात आला.

या दौऱ्यातून एलिंग्टन आणि त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांनी ‘फार ईस्ट सूट’ ही रचनामाला केली. ती १९६६ च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झाली आणि १९६७ मध्ये बाजारात आली. तिच्यात ‘आग्रा’ नावाची रचना आहे आणि दिल्लीच्या मैनेच्या शिळेवर बेतलेलीही एक आहे. ती शीळ क्लॅरिनेटवर येते.

चार प्रश्नांची उत्तरे इथे काय येतात? जागा निमंत्रितांच्या सभागृहांची, पियानो जिथे जो मिळेल तो, मुक्काम थोड्या दिवसांचा, पैसे अमेरिकी करदात्याचे. श्रोत्याला तिकीट परवडते की नाही हा प्रश्न गौण. अशा तारखेमुळे अजरामर रचना जन्मू शकते. दिल्लीतल्या स्थानिक पियानोवादकाच्या पुढच्या महिन्याच्या वहीत मात्र तिच्यामुळे एकही ओळ वाढत नाही.

६. यात्रा, शांतता क्षेत्र आणि क्लब

फेब्रुवारी १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरवली. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स आला. पुढे यात्रा दिल्लीलाही गेली. रंगभवन हे धोबी तलावाचे खुले नाट्यगृह, म्हणजे गोव्याच्या कुडांच्या शेजारचे.

या काळातला भारतीय पियानोवादक म्हणजे लुईझ बँक्स. जन्म १९४१, दार्जिलिंग. वडील ट्रम्पेटवादक. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर ‘ब्लू फॉक्स’ उपाहारगृहात त्यांनी नाव कमावले, मग राहुलदेव बर्मन यांच्याकडच्या कामामुळे मुंबईत आले. त्यांच्या कारकिर्दीत आपले सगळे टप्पे एकत्र दिसतात : उपाहारगृहातला रोजचा बँड, चित्रपटाचा स्टुडिओ, जाहिरातींच्या धुना, जॅझ यात्रेचा रंगमंच. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’च्या संगीतात अशोक पत्कींबरोबर त्यांचाही हात होता. जाहिरातींच्या पैशावर जॅझ जगवायचे, हे गणित त्यांच्या पिढीतल्या अनेकांनी मांडले. आपल्याकडे दिवसा नोकरी आणि रात्री प्रायोगिक नाटक करणाऱ्यांचे गणित याहून वेगळे नव्हते.

याच दशकात यंत्राने उलटी कलाटणी घेतली. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर आला आणि त्याच वर्षी वाद्ये-संगणक जोडणारे ‘मिडी’ हे प्रमाणित माध्यम जाहीर झाले. त्याचे दोन परिणाम झाले. पियानोवादक प्रथमच पंधरा-वीस किलोंचे आपले वाद्य खांद्यावर टाकून कुठेही जाऊ लागला. आणि स्टुडिओत एक कळफलकवाला दहा व्हायोलिनवाल्यांचे काम करू लागल्यामुळे वाद्यवृंदांच्या शिफ्टा आटल्या. ज्या यंत्राने पियानोवादकाला पाय दिले, त्यानेच त्याच्या सोबत्यांची भाकरी काढून घेतली. तंत्रज्ञानाचा ‘परिणाम’ असा एकवचनी शब्द वापरताना हे आठवा.

रंगभवनाचे पुढे काय झाले? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्या सभोवतालचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रंगभवनाला लागून महाविद्यालय आणि जवळच रुग्णालये. तिथले संगीताचे कार्यक्रम बंद झाले. नियम चुकीचा होता असे मी म्हणत नाही. रुग्णाची झोपही महत्त्वाचीच. पण एका शहराच्या यादीतून एक जागा कशी खोडली जाते याचे हे स्वच्छ उदाहरण आहे.

खुल्या जागा गेल्या तसे संगीत बंदिस्त जागेत शिरले. मुंबईत २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झाला आणि २०१६ मध्ये बंद झाला. गिरणीचा भोंगा थांबल्यावर त्याच आवारात ड्रमचा आवाज आला, आणि नऊ वर्षांत तोही थांबला. दिल्लीत २०१५ मध्ये सफदरजंग एन्क्लेव्हला ‘द पियानो मॅन जॅझ क्लब’ उघडला. नेहरू पार्कात भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचा विनामूल्य जॅझ महोत्सवही भरलेला आहे.

७. सोडवलेले उदाहरण

खालची यादी मी सरावासाठी तयार केली आहे. ती कोणा एका वादकाची नाही. समजा, दिल्लीत पहाडगंजला खोली घेऊन राहणारी एक तरुण पियानोवादक आहे.

मंगळवार, सायं. ७ ते १०, पंचतारांकित हॉटेलची लॉबी, एकटी.
गुरुवार, रात्री ९ ते ११.३०, क्लब, तिघांचा बँड.
शनिवार, रात्री ८, लग्नसमारंभ, जयपूर, सहा जणांचा बँड.
रविवार, सकाळी ११ ते ४, ऑनलाइन शिकवणी.

आता वाचू. मंगळवारची ओळ म्हणजे ताजच्या कराराचा उरलेला तुकडा. पियानो हॉटेलचा आहे, ऐकणारे आपापल्या गप्पांत आहेत, पण पैसे नक्की आहेत. गुरुवारी ती ज्यासाठी हे शिकली ते वाजवते. मिळकत मात्र दारावरच्या गर्दीवर आणि विकल्या गेलेल्या खाण्यापिण्यावर अवलंबून, शिवाय तिघांत वाटून. शनिवारच्या एका रात्रीत बाकी आठवड्यापेक्षा जास्त मिळू शकते. तिथे डिजिटल पियानो स्वतः न्यायचा, चित्रपटगीते वाजवायची आणि पहाटेची गाडी पकडून परतायचे. रविवारची ओळ यादीत जाहीर होत नाही, पण घरभाडे बहुधा तीच भरते.

चौथा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारलात तर दिसेल की गुरुवारचे जॅझ उरलेल्या तीन दिवसांनी पोसलेले आहे. हॉटेल, लग्न आणि विद्यार्थी हे तिचे आश्रयदाते. वेदरफर्डला एकच आश्रयदाता पुरत होता. त्या एकाच्या लहरीवर सगळे अवलंबून होते, हेही खरेच. आज जोखीम चार ठिकाणी विभागली आहे. पण ती सगळी सांभाळण्याचा भार एकटीवर आहे. निरोप पाठवणे, पैशांचा तगादा लावणे, प्रवास ठरवणे, जाहिरात करणे, हे काम पूर्वी हॉटेलचा व्यवस्थापक करत असे. यादीत त्याचे तास कुठेच दिसत नाहीत.

८. जे लगेच पुसले जाते

१९३० च्या दशकात ताजमध्ये कोण वाजवत होते हे आज सांगता येते, कारण वर्तमानपत्रांत जाहिराती छापल्या गेल्या, कार्यक्रमपत्रिका कोणीतरी ट्रंकेत जपल्या आणि पुढे अभ्यासकांनी वादकांच्या घरी जाऊन त्या पाहिल्या. नरेश फर्नांडिस यांचे मुंबईच्या जॅझयुगावरचे पुस्तक २०१२ मध्ये आले, तेव्हा ती घटना पाऊणशे वर्षे जुनी झाली होती. कागद टिकला म्हणून इतिहास लिहिता आला.

आजची यादी मोबाइलवर चोवीस तास दिसते आणि जाते. संकेतस्थळावर ‘आगामी’ या शीर्षकाखाली असलेली ओळ कार्यक्रम झाला की काढून टाकतात. स्टुडिओतल्या वादकांची नावे छापलीच नाहीत म्हणून हरवली. आजच्या वादकांची नावे भरपूर छापली जातात आणि तरीही हरवण्याची शक्यता आहे. साठ वर्षांनी कोणी या काळातल्या दिल्लीच्या संगीताचा इतिहास लिहायला बसला, तर त्याच्या हाती काय लागेल, याचा विचार तुम्ही आताच केलेला बरा.

सारांश

भारतातल्या जॅझ पियानोवादकाचे काम हंगामी करार, स्टुडिओची शिफ्ट, सरकारी दौरा, महोत्सव आणि क्लबची रात्र अशा रूपांतून गेले. रूप बदलण्याची कारणे संगीताबाहेरची होती : दारूबंदी, शीतयुद्ध, ध्वनिनियम, डिजिटल वाद्य, जमिनीचे भाव. जागा, वाद्य, मुदत आणि पैसा हे चार प्रश्न विचारले की साध्या यादीतून ही कारणे दिसू लागतात.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातल्या कोणत्याही कामावर असलेल्या कलाकाराची (बँडवाला, कीर्तनकार, ऑर्केस्ट्रातला कळफलकवादक, शाहीर) एका महिन्याच्या तारखांची यादी त्यांच्या परवानगीने हाताने उतरवून घ्या. प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारा.
२. पियानो आणि संगीत नाटकातला ऑर्गन यांची तुलना करा : कोण विकत घेत असे, कुठे ठेवत, हलवायचा कसा?
३. ‘शांतता क्षेत्राचा नियम आणि खुले नाट्यगृह’ या विषयावर दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दहा ओळी लिहा.
४. पहिल्या प्रश्नासाठी उतरवलेली यादी, तारीख घालून, तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करा. ग्रंथपालांनी विचारले की हे कशाला, तर आठवा भाग त्यांना वाचून दाखवा.